दर चेहऱ्याला टिंग

नातीचा पहिला दात पडला त्या वर्षी सुनेनं स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं नवं सॉफ्टवेअर चढवलं, आणि सासऱ्यांच्या स्क्रिप्ट एकामागून एक आडव्या पडल्या.

स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेली कामाची शिकवण: फोटो उघड, उजेड सावर, डाग पूस, जपून ठेव. अण्णांनी त्या उतारवयात धडपडत शिकून लिहिल्या होत्या. आता त्यांची नजर गेली होती. स्टुडिओमागच्या खोलीत ते पलंगावर पडून असत.

सुनेनं सगळं नव्यानं लिहिलं. एकच गोष्ट गाळली. जुनी स्क्रिप्ट दर चेहऱ्याशी थांबायची, टिंग वाजवायची आणि पडद्यावर विचारायची, ‘नीट बघितलं?’ हो म्हटल्याशिवाय डागाला हात लावायची नाही. इथं शाळेच्या फोटोंचा ढीग पडलेला. दर पोरामागं हो-हो करत कोण बसणार?

“माझं सगळं आलं का गं नव्यात?” आतून अण्णांनी विचारलं.

“सगळं आलं. तुमचं काही सोडीन का मी?”

“हं,” अण्णा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाला आईचा मोठा केलेला फोटो न्यायला आला. त्यानं कागद उलगडला आणि फोटोतल्या हनुवटीवरून बोट फिरवत राहिला.

“इथं भाजल्याचा डाग होता, वहिनी. लहानपणी मी भट्टीकडे धावलो. मला मागं ओढताना तिला लागलं ते.”

सुनेनं वाकून हनुवटी पाहिली.

“दुसरा करून देते, दादा. आजच.”

“द्या. आई असती तर यावरच खूश झाली असती म्हणा, नटायची भारी हौस.” तो हसला. मग फोटो हलकेच तिच्याकडे सरकवला. “पण ही भलतीच कुणी बाई आहे हो. घरी कशी नेऊ?”

तो गेल्यावर सुनेनं जुनी स्क्रिप्ट उघडली, गाळलेल्या ओळी नव्या सॉफ्टवेअरला कळतील अशा बसवल्या आणि बेकरीवाल्याच्या आईचा मूळ फोटो लावला.

टिंग.

“आली का परत?” आतून आवाज आला.

ती आतल्या दाराकडे वळली. “अण्णा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“डोळे गेलेत. कान आहेत अजून.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू सगळं आलं म्हणालीस ना.”

अण्णांना दिसणार नव्हतं, तरी तिनं मान खाली घातली.

त्यानंतर टिंग वाजली की आतून “हं” यायचं. मग ती हो दाबायची. शाळेच्या फोटोंना नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. शाळेचा शिपाई दोनदा कुरकुरून गेला.

थंडी सरता सरता एका मंगळवारी सकाळी टिंग वाजली. आतून काही आलं नाही. सुनेनं वाट पाहिली. पडद्यावर प्रश्न तसाच होता.

नातीचा नवा दात हिरडीतून डोकावला, त्याच मंगळवारी सकाळी अण्णा गेले.