भोवऱ्याची गिटार

कोणाचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. बसूही नये. माझा स्वतःचा बसायला दोन कप चहा लागला. पण आमच्या मुग्धाची गिटार तिला रामटेकच्या धानावरून फिरवून आली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. आणि या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आहे, तेव्हा नजरेला नाव ठेवायची सोय नाही.

"झालं सुरू," मारोतराव म्हणाले.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत सिमेंटचा एक बाक आहे. ऊन उतरलं की आम्ही तिघं तिथं बसतो. मी, मारोतराव, जे माझ्या प्रत्येक वाक्याला आधी खोटं म्हणतात आणि मग तोंड उघडं टाकून ऐकतात, आणि समोरच्या घरातल्या कुसुमताई. त्या संध्याकाळी कुसुमताईंनी पूजा आटोपून गूळ-फुटाण्यांची वाटी बाहेर आणली होती आणि आमच्या तळहातांवर प्रसाद ठेवत होत्या. वर, आमच्या माडीची खिडकी उघडी होती. तिथं मुग्धा, माझी नात. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसते आणि संध्याकाळी विजेवरची गिटार वाजवते. खिडकीतून एकच गाणं येत होतं. दव पडल्यासारखं हलकं सुरू व्हायचं, मधोमध एका जागी अडखळायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून.

"मघापासून तेच ते वाजवून राहिली पोट्टी," कुसुमताई म्हणाल्या. "तिथंच काहून अडते जी?"

"तेच तं सांगून राहिलो," मी म्हणालो. माझा आवाज मुळातच चढा. माडीपर्यंत जातो, त्याला मी काय करू?

तर गोष्ट अशी. मुग्धाच्या बँडमध्ये दोन गिटारी होत्या. अनिश जाड आवाजाची वाजवायचा, ही बारीक. अनिशला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. आता रॉकच्या गाण्याचं असं असतं, की एकाच गाण्यात अंगाईही असते आणि डोंगर कोसळणंही असतं. दोन्ही कामं मुग्धाच्या गळ्यात आली. हिची जुनी गिटार फक्त अंगाईची. तेव्हा ड्रम वाजवणारा ऋषी, जो त्या बँडचा पाटील आहे, तिला म्हणाला, "शनिवारी रामटेकला कार्यक्रम आहे. एकटीनं दोन्ही निभावलंस तर तू राहा. नाही तर रायपूरचा एक पोट्टा तयार आहे, मी त्याले कायमचा बोलावतो."

"म्हणजे एकाच बैलानं औतही ओढाचं अन् शंकरपटाच्या शर्यतीतही पळाचं," मारोतराव म्हणाले.

"बस्स! हेच मी तिला सांगितलं. म्हणून तर नवी गिटार पाहायला ती मला सोबत घेऊन गेली."

घेऊन गेली म्हणजे, ती खाली उतरली तेव्हा मी आधीच ऑटोत बसलेलो होतो.

दुकान सीताबर्डीवर, दुसऱ्या मजल्यावर. आत गेलो आणि माझे पायच थांबले. भिंतीभर गिटारी टांगलेल्या. पांढऱ्या, काळ्या, तांबड्या, बांड्या. बाजाराच्या दिवशी दावणीला जनावरं उभी असतात तशा, माना वर करून, कोण आलं ते बघत. दुकानाचा मालक केशव, केसांची शेपटी बांधलेला, विचारतो, "काका, तुम्हाला कोणती कंपनी?"

म्हटलं, "बाबू, बैल घेताना आम्ही कंपनी विचारत नाही. चाल बघतो."

मुग्धा पुटपुटली, "आबाजी, तुम्ही तिकडं स्टुलावर बसा न."

पहिली काढली ती पांढरी. मुग्धानं एक तार हळूच छेडली आणि, तुम्ही हसाल, छताचा पंखा थांबून ऐकायला लागला. खिडकीबाहेर भर दुपारी पहाट झाली. सगळा सीताबर्डीचा रस्ता दवानं ओला. चौकातला हवालदार शिट्टी हातात धरून आपल्या आईला आठवत उभा राहिला, आणि चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींना 'आधी तुम्ही' म्हणायला लागल्या.

"बर्डीवर?" मारोतराव म्हणाले. "आधी तुम्ही?"

"म्हणून तर म्हटलं, विश्वास बसणार नाही. पुढे ऐका." मुग्धानं पायाखालचं पेडल दाबलं, आवाज जाड करायला. तशी ती गिटार आग्या मोहोळ उठल्यासारखी घोंगावायला लागली. केशव म्हणाला, "या जातीचं पिकअप असंच. आवाज गोड, पण चढवला की गुणगुणते." पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकाची पट्टी, तीच तारेचं मन ओळखते. मी म्हटलं, ठेव. रूप छान, पण ओझं दिसलं की बसणारं जनावर आहे हे.

दुसरी काळी. तिच्यात जोडपट्टीची दोन पिकअप, जाड आवाजाची. मुग्धानं एकच ठोका दिला आणि भिवापूरची मिरची तव्यावर पडावी तसा सगळ्या मजल्याला ठसका लागला. खालच्या दुकानातल्या पांढऱ्या साड्या लाल झाल्या. बाया म्हणाल्या, हाच रंग द्या. पण तिच्यावर अंगाई वाजवायला गेली, तर गोधडीत तोंड घालून कोणी बोलावं तसं. आणि वजन! पोरगी एका खांद्यानं वाकली, कळशी घेतल्यासारखी.

"मग?" कुसुमताईंनी विचारलं. फुटाणा त्यांच्या बोटांत तसाच होता.

मग तिसरी. कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे, पिकल्या संत्र्याच्या रंगाची. दोन पट्ट्या बारीक आवाजाच्या, आणि तारा जिथं खाली बांधतात तिथं एक जाड. बोटाखाली सरकणारं बटण, त्याला पाच घरं; पहिल्या घरात दव, शेवटच्या घरात मिरची, मधली तीन संसाराची. मी उठलोच. तिची मान डोळ्यासमोर धरून खालपासून वरपर्यंत पाहिली; सरळ. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, जसा दातांवरून फिरवतात. एकही टोचली नाही. मग मुग्धाच्या गळ्यात पट्टा घालून म्हटलं, "दोन्ही हात सोड." तिनं सोडले. गिटारीनं मान खाली टाकली नाही, जिथल्या तिथं उभी. जू ठेवल्याबरोबर मान टाकतो तो बैल अर्ध्या तासात आडवा होतो, हे काही गिटारवाल्यांना सांगावं लागत नाही.

सगळं जमलं. आणि मी तिला उलटी केली.

पाठीवर भोवरा!

लाकडाच्या रेषा गोल गोल फिरत एका ठिकाणी आत बुडालेल्या, विहिरीत पाहिल्यासारख्या.  आमचे वडील सांगायचे, वशिंडामागे केसांचा भोवरा असलेलं जनावर घेऊ नये. ते एक दिवस धन्याला सोडून जातं. मी गिटार केशवच्या हातात दिली. "ही नको. सोडून जाणार ही."

"काका, लाकडाची नक्षी आहे ती!"

"नक्षी तुले दिसते. मले भोवरा दिसून राहिला."

मुग्धा भडकली. "आबाजी, हा बैल नाही आहे!"

"मग मले काहून आणलं?"

"मी आणलंच नाही तुम्हाला! तुम्हीच ऑटोत बसले होते!"

पण सोडून जाणार हा शब्द तिलाही लागलाच असणार. अनिश गेलेला, बँड जायच्या बेतात. तिनं केशवकडून गिटार परत घेतली आणि हळूच म्हणाली, "जायचंच असेल हिला, तर माझं गाणं ऐकून तरी जाऊ दे."

वाजवलं. दुकानाच्या भिंती धुक्यासारख्या मऊ झाल्या. भिंतीवरच्या बाकीच्या गिटारी तिच्या सुरात हुंकारायला लागल्या, गोठ्यात एक हंबरलं की सगळी हंबरतात तशा. मधली जागा आली. तिथं एका श्वासात बटण शेवटच्या घरात सरकवायचं आणि पायानं पेडल दाबायचं. हात आधी गेला, पाय मागे राहिला, गाणं अडखळलं. पण अडखळलं ते हातामुळे, गिटारीमुळे नाही. तिच्यात दवही होतं आणि मिरचीही. हे मुग्धालाही कळलं. मलाही कळलं, पण मी भोवऱ्याकडे पाहून तोंड फिरवून बसलो. तिनं मला न विचारता गिटार घेतली. येताना ऑटोत ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती, आणि शपथ घेऊन सांगतो, वळणावर ती माझ्या अंगावर रेलली.

"गिटार?" मारोतराव म्हणाले.

"मग काय मुग्धा?"

"बरं, पुढं सांगा जी," कुसुमताई म्हणाल्या. "शनिवारचं काय झालं? पोरीनं निभावलं का नाही?"

माडीवरचा आवाज मघाच थांबला होता. खिडकीतला पडदा जरा हलला. वारा नव्हता.

मी गुळाचा खडा जिभेवर ठेवला आणि तो विरेपर्यंत थांबलो.

शनिवार. रामटेक. गडाच्या पायथ्याशी मैदान, फळ्यांचा स्टेज, आणि भोवती नजर जाईल तिथवर पिकलेलं धान. सूर्य असा टेकलेला की सगळं रान तांब्याचं. आमची मुग्धा उभी, तोंड पांढरं पडलेलं. ऋषी मागे ड्रमवर, खिशात मोबाइल. त्यात रायपूरचा नंबर काढून ठेवलेला. तिनं पहिलं घर लावलं, बारीक तार छेडली. धानाच्या लोंब्यांनी माना वळवल्या. गडावरची वानरं उतरून शहाण्यासारखी रांगेत बसली; एकानंही कोणाच्या हातातलं केळ ओढलं नाही. तिकडं खिंडसी तलावाचं पाणी काठ सोडून दोन पावलं पुढं आलं, नीट ऐकू यावं म्हणून.

आणि मधली जागा आली.

"अडखळली?" मारोतरावांनी विचारलं. खोटं म्हणायचं ते विसरले होते.

नाही अडखळली. का नाही? तर मारोतराव, पटात जोडी सोडताना हाकणारा धुरकरी काय करतो? कासरा ताणतो? नाही. सुटायच्या आधी एक श्वास ढिला सोडतो. मुग्धानं तेच केलं. शेवटचा बारीक सूर तिनं धरून ठेवला नाही, वाजत सोडून दिला हवेत. तो वाजतो आहे तोवर हात मोकळा. त्या मोकळ्या हातानं बटण सरकवलं, पाय आपोआप पडला, कसलीच घाई नाही.

आणि भोवरा फिरायला लागला.

आधी हळू, मग गरगर. स्टेज हलला. चाकं नव्हती, तरी बैलबंडीसारखा निघाला. गिटार पुढं, मुग्धा तिच्या मागं, मागून सगळा बँड, आणि आम्ही ऐकणारे हवेतच. धानाच्या शेंड्यांवरून गेलो, एक दाणा सांडला नाही. तळ्यावरून गेलो, पाण्यात आमची संत्र्याच्या रंगाची सावली. ऋषी ड्रमला मिठी मारून ओरडून राहिला, "कासरा ओढ वं, मुग्धा!" ती कायले ओढते? तिचे डोळे मिटलेले, तोंडावर हसू. गडाला वळसा घातला, देवळाचे दिवे लागत होते, आणि गाण्याचा शेवटचा ठोका पडला तेव्हा स्टेज जिथल्या तिथं. ऋषी उतरला, केसांत धानाची काडी. त्यानं फोन काढला आणि रायपूरच्या पोट्ट्याला म्हणाला, "येऊ नको गा. जागा भरली."

आमचे वडील अर्धंच सांगून गेले. भोवऱ्याचं जनावर जातं खरं. पण धन्याला सोडून नाही, धन्याला घेऊन जातं.

बाकावर मारोतराव गडाच्या दिशेनं बघत होते, म्हणजे समोरच्या भिंतीकडे. आणि वर माडीवर गाणं सुरू झालं. पहिल्यापासून, दव पडल्यासारखं. आम्ही तिघांनी माना वर केल्या. मधली जागा आली. एक बारीक सूर सुटला, गल्लीवर तरंगत राहिला, तो विरायच्या आत काहीतरी खट्‌ वाजलं, आणि आमच्या बाकाचं सिमेंट थरथरलं. गाणं न थांबता पुढं निघून गेलं.

कुसुमताईंचा चावता चावता घास थांबला. त्यांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं, मग माडीकडे, मग माझ्याकडे.

"वामनराव, माझा उपास आजचा, माझ्या हातात फुटाणे शुक्रवारचे, शनिवार तं उद्या. मग तुमचा शनिवार कुठून आला जी?"