आत्या दारात बसली तेव्हा

"बाई, खेकड्याचं शिकवा, कासवाचं शिकवा, अगदी देवमाशाचं पोट फाडून दाखवा, मी नाही म्हणणार नाही. पण माणसाचा तेवढा धडा वगळा. माझ्या पिकल्या केसांकडे तरी बघा!"

आमच्या बेटावरच्या शाळेचे हेडमास्तर इलाइसा दरवर्षी ऑगस्ट लागला की हेच म्हणायचे आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्या तोकिलुपेबाई दरवर्षी मान खाली घालून ऐकायच्या. ऐकायच्या, पण तासाला जाऊन फळ्यावर धड्याचं नाव लिहायच्याच. 'मानवी प्रजनन'. दोन शब्द लिहून होईपर्यंत मागे बाकं सरकल्याचा आवाज यायचा.

पुढेपुढे सगळ्यात आधी उठायचा तो लिसियाते, त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. कमरेत वाकून, नजर जमिनीला लावून तो म्हणायचा, "माफ करा, आत्या," आणि बाहेर जायचा. त्याच्यामागे सगळे मुलगे. कोणी हसायचं नाही, कोणी दार आपटायचं नाही. वर्गात उरलेल्या मुली माना वर करायच्या नाहीत, आणि बाई खडू खाली ठेवायच्या.

चिडायचं तरी कोणावर? उद्धटपणा असता तर छडी काढता आली असती. पण हा तर मान होता! आमच्या भाषेत चुलत, मामे, मावस असले भेद नाहीत. सगळ्या बहिणीच आणि सगळे भाऊच. बहिणीच्या देखत देहाचं नाव निघालं की भावाने उठून जायचं, हा आमचा आब. बेट एवढंसं, त्यामुळे वर्गातली सगळी पोरं एकमेकांची भावंडं. मग धडा शिकवणार कोणाला आणि कसा?

"मुलींना वेगळं बसवून शिकवा की," इलाइसा म्हणाले.

"आणि मुलग्यांना?"

"त्यांना मी सांगेन कधीतरी."

"मास्तर, होडी कोण चालवतं? वायरलेसवर कोण बोलतं? मुलगेच ना? मग त्यांनाच कळायला नको?"

मास्तरांनी रुमालाने मान पुसली आणि घंटा वाजवायला निघून गेले. घंटेला अजून वेळ होता.

बाई हे उगाच बोलत नव्हत्या. त्यांची थोरली बहीण मेलेसेइनी पहिल्या बाळंतपणात गेली, तेव्हा त्या शाळेतल्या दप्तरवाल्या लुपे होत्या. बाळ झालं, रडलंही, पण रक्त थांबेना. चटईवर चटई बदलत होती. आईने लुपेच्या थोरल्या भावाला, फेआओला, टपालघरातल्या वायरलेसवर पिटाळलं. "मोठ्या बेटावरच्या नर्सला सांग, हिच्या अंगावरून फार जातंय. काय करू ते विचार."

फेआओ धावत गेला. लुपेही त्याच्यामागे धावली. भर दुपारची वेळ, टपालघरात निम्मं गाव बोटीची वाट बघत बसलेलं. नर्सचा आवाज खरखरत आला, "रक्त कुठून जातंय?"

फेआओने आजूबाजूला पाहिलं. बहिणी, आत्या, माम्या, सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. 

"कुठून जातंय? लवकर सांगा!"

"नाकातून," फेआओ म्हणाला.

नर्सने सांगितलं, नाक चिमटीत धरा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, सकाळी बोट पाठवते. तिथल्या एकाही माणसाने "अरे, काय बोलतोस!" म्हणून त्याला अडवलं नाही. घरी काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं! लुपे तोंड उघडणार होती, पण बहिणीने भावादेखत ते बोलायचं नसतं, म्हणून तिनेही दात ओठात रोवले. सूर्य मावळायच्या आत मेलेसेइनी गेली आणि पाठोपाठ बाळही.

मयताला लुपेची थोरली आत्या, कालोलाइने तिचं नाव, सगळ्यांपुढे उभी राहून म्हणाली, "असा भाऊ देवाने घरोघरी द्यावा! एवढ्या आकांतातसुद्धा बहिणीची लाज उघडी पडू दिली नाही!" वडिलांच्या बहिणीपुढे आमच्यात कोणाचं काही चालत नाही. ती बोलली म्हणजे शिक्काच. लोकांनी माना डोलावल्या. फेआओ मात्र जमीन उकरून आत शिरता येईल का, असा खाली बघत होता. त्या दिवसापासून पुरुषांच्या कावा नावाचं पेय पिण्याच्या बैठकीत त्याने कधी तोंड उघडलं नाही.

लुपेने शाळेत विचारलं, "सर, बाईमाणसाचं रक्त कशाने थांबतं?" सर म्हणाले, "प्रार्थनेने." पुस्तकात उत्तर शोधावं तर त्या धड्याची पानं कोणा जुन्या मास्तरने नीरफणसाच्या चिकाने एकमेकांना चिकटवून टाकलेली. सोडवायला गेली तर फाटली. त्या फाटक्या पानांनीच तिला जीवशास्त्राच्या वाटेला लावलं म्हणा ना! ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे ती पाठ म्हणायची, कासवीची अंडी वाळूत कशी उबतात हे सांगायची, आणि सगळा वेळ डोक्यात एकच प्रश्न.

उत्तर मिळालं ते राजधानीतल्या कॉलेजात. बाळंतिणीचं रक्त थांबत नसेल तर ओटीपोटावरून गर्भाशय जोरात चोळावं, बाळाला छातीशी लावावं. पुष्कळदा त्याने गर्भाशय आवळतं आणि मदत येईपर्यंत वेळ मिळतो. बस्, एवढंच. नर्सने वायरलेसवर एका दमात सांगितलं असतं. आईने केलं असतं. लुपे पुस्तक मिटून धक्क्यावर जाऊन बसली आणि ढसाढसा रडली.

ही गोष्ट तिने घरी कोणाला सांगितली नाही. फेआओला तर नाहीच. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर आणखी धोंडा कोण ठेवणार?

ती शिक्षिका होऊन बेटावर परतली तेव्हा वाजतगाजत स्वागत झालं. डुक्कर भाजलं, नारळाच्या दुधातली अळूची पानं पंगतीत फिरली. आणि पहिल्याच ऑगस्टात वर्ग उठून गेला. दुसऱ्यातही गेला. मग सवयच झाली. वर्षं सरली. एका वर्षी मात्र बाई हट्टाला पेटल्या. मुलगे बाहेर झाडाखाली बसले तर खिडकीत उभं राहून मोठ्याने शिकवायला लागल्या. पोरं कानांवर हात ठेवून समुद्राकडे पळाली, आणि संध्याकाळी आत्या कमरेला मानाची चटई गुंडाळून शाळेत हजर!

"काय गं लुपे, राजधानीत हेच शिकून आलीस? कोनफळ सोलायचं विसरलीस आणि माणसं सोलायला शिकलीस!"

"आत्या, मुलींचा जीव जातो गं..."

"जीव जातो, पण अब्रू राहते. पुन्हा तो धडा काढलास तर या घराची नाहीस तू."

आत्यापुढे उलटून बोलायची सोय नव्हती. बाईंनी फळा पुसला. इतकी वर्षं जे एक काम करायला आपण जगलो, ते आपल्या हातून होणार नाही, हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळून चुकलं. नोकरी सोडायची, पुढच्या बोटीने जायचं आणि राजधानीत कुठल्याशा दुकानात कापड मोजायचं असं त्यांनी ठरवून टाकलं.

पण आत्याचा निरोप न घेता बेट सोडता येत नाही. बाई गेल्या तेव्हा आत्या एकटीच चटई विणत होती. सुगंधी तेलाचा वास इतका, की डोकं गरगरावं. आणि त्या वासाखाली दुसराच एक वास. आत्या एकाच हाताने विणत होती. डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता.

"आत्या, हात का उचलत नाहीस?"

"वारं भरलंय खांद्यात."

"दाखव बघू."

"हो गं बाई! आली मोठी डॉक्टरीण!"

पण बाई उठल्या, दार लावून घेतलं आणि आत्याच्या अंगावरचं कापड बाजूला केलं. छातीवर गाठ फुटून जखम झाली होती.

"आत्या! अगं, कधीपासून हे?"

"तू नोकरीला लागलीस ना, त्याच्या पुढच्या वर्षापासून. आधी लिंबाएवढी होती."

"नर्स येते की गं बेटावर!"

"येते. आणि तुझा बाप जवळ बसलेला असतो. भावादेखत छातीचं नाव घेऊ? खांदा दुखतो म्हटलं, तिने चोळायला मलम दिलं." आत्या कापड ओढून घेत म्हणाली, "मलम चांगलं होतं. खांदा अगदी बरा आहे."

बाईंना हसूही आलं आणि रडूही. त्या आत्याला घेऊन राजधानीच्या इस्पितळात गेल्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. गाठ लिंबाएवढी असतानाच आणलं असतं तर वाचवता आलं असतं.

परतीच्या बोटीत आत्याने बाईंना जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली, "लुपे, मी आयुष्यभर आब राखला. आबाने मला नाही राखलं. आणि मेलेसेइनीच्या मयताला मी काय बोलले गं! पोरगी मेली आणि मी वर पोराची पाठ थोपटली. आता गावातली पोरं तेच शिकली असणार ना?"

"हो, आत्या."

"तुझा तो धडा कधी आहे?"

"मी तो आता शिकवत नाही. नोकरीच सोडतेय."

"तुला विचारलं नाही मी. कधी आहे, एवढंच विचारलं."

सोमवारी आत्या शाळेत आली. चालताना दोनदा थांबली. खुर्ची दिली तर नको म्हणाली, आणि वर्गाच्या दारात, उंबऱ्यावरच चटई टाकून आडवी बसली.

"लिही गं."

बाईंनी फळ्यावर ते दोन शब्द लिहिले. बाकं सरकली. लिसियाते उठला, वाकला, दाराकडे निघाला आणि जागच्या जागी थिजला. बाहेर जायचं तर आत्याआजीला ओलांडावं लागणार! घरातल्या सगळ्यात थोर बाईच्या अंगावरून पाय टाकायचा? त्यापेक्षा जीव दिलेला बरा. एका मुलाने हळूच खिडकीकडे पाहिलं.

"खिडकीपण माझीच समज," आत्या म्हणाली. "बसा खाली! मी मरतेय रे पोरांनो, छातीच्या दुखण्याने मरतेय. छातीच्या! ऐकलंत? हा शब्द वेळेवर तोंडातून निघाला असता तर मी आणखी वीस वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. आब म्हणजे बहिणीला जपणं. तिला मरू देऊन कसला आब राखता?"

लिसियातेचे कान लाल झाले होते. तो मागे वळला आणि बसला. मग बाकीचेही बसले.

बाई शिकवू लागल्या. एकेक नाव उच्चारलं, आकृती काढली. बाळंतपणाशी आल्या आणि त्यांची नजर बाहेर गेली. आत्याला घरी न्यायला फेआओ आला होता, नीरफणसाच्या झाडाखाली उभा होता. बहिणीच्या तोंडून हे शब्द ऐकल्यावर त्याने निघून जायला हवं होतं. तो गेला नाही.

आता पुढचं वाक्य गाळावं का? बाईंनी आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली.

"रक्त थांबत नसेल," बाई म्हणाल्या, "तर पोट चोळायचं. इथे, बेंबीच्या खाली, जोरात. बाळाला छातीशी लावायचं. आणि नर्सला रक्त कुठून जातंय ते खरं सांगायचं."

झाडाखाली फेआओ हळूहळू खाली बसला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलासारखा रडू लागला. वर्गातला प्रत्येकजण ते ऐकत होता. लिसियातेने वहीवरून मान वर केली नाही, पण त्याचा हात लिहायचा थांबला नाही.

तास संपल्यावर बाई बाहेर गेल्या. फेआओ म्हणाला, "एवढंच होतं?"

"एवढंच होतं, दादा."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलवेना."

"मलापण तेव्हा बोलवलं नाही," तो म्हणाला, आणि आत्याला पाठीवर घेऊन घरी गेला.

आत्या नाताळ बघायला राहिली नाही. बाईंनी नोकरी सोडली नाही.

वाचकहो, लाज माणसाला जपण्यासाठी असते. तिच्यापायी माणूस मरत असेल तर ती लाज नव्हे, ती हत्या आहे! बेट आमचं असो की गाव तुमचं, देहाची नावं भावाबहिणींनी, बापलेकींनी वेळेवर उच्चारायला शिकलं पाहिजे. एका आत्याच्या मरणाने सगळे शहाणे झाले, असं मात्र समजू नका. परवाच्या ऑगस्टातही काही मुलगे उठले, वाकले आणि निघून गेले. दार मोकळं होतं. तिथे आता कोणी बसत नाही.

तुमच्या घरात त्या दारात बसायला कोणी आहे का?