खडू आणि बावीस म्हशी

मी एक म्हातारा मेंढपाळ कुत्रा आहे. मित्रांनो, हसू नका, पण अकरा वर्षांच्या आयुष्यात मी मेंढी एकदाही पाहिलेली नाही.

माझे पूर्वज कुठल्याशा परदेशी डोंगरांवर शेकडो मेंढ्या राखत. मी मात्र जन्मलो नाशिककडच्या एका शेतघरात आणि दीड महिन्याचा असताना बुटांच्या खोक्यात बसून मुलुंडला आलो. मला आणलं विद्याधर यांनी. ते विमा कंपनीत नोकरी करतात. त्यांना भांडण म्हटलं की घाम फुटतो, म्हणून रिक्षावाला लांबून घेऊन गेला तरी ते त्याला 'थँक यू' म्हणतात. ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "शांत जात आहे. कोपऱ्यात पडून राहतो." ज्याने हे सांगितलं, त्याच्या घरी मांजर होतं.

घरात विद्याधर यांच्या पत्नी सुहासिनी आणि मुलगी गंधाली. सुहासिनी शाळेत गणित शिकवतात. गंधाली तेव्हा पाचवीत होती. माझं अंग काळंभोर आणि कपाळावर पांढरी रेघ. सुहासिनींनी मला उचललं, रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "फळ्यावर कुणी खडू ओढलाय गं!" तेव्हापासून मी खडू झालो.

मला कुणी काही शिकवलं नाही. पण चार महिन्यांचा झालो तसं मला एक दुःख छळू लागलं. माझी माणसं विखुरलेली होती! विद्याधर हॉलमध्ये टीव्हीपुढे, सुहासिनी स्वयंपाकघरात, गंधाली आतल्या खोलीत. असा पसरलेला कळप पाहून मला घास उतरेना. मग मी कामाला लागलो. गंधालीच्या टाचेला नाक लावून तिला बाहेर आणलं. विद्याधर यांच्या पोटरीला डोक्याने ढकलत ढकलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेलं.

"सुहास, हा मला ढकलतोय."

"मग या ना आत. एवीतेवी कोथिंबीर निवडायचीच आहे."

तिघं ओट्याजवळ उभे राहिले, तेव्हा मी दारात आडवा पडलो आणि निवांत जेवलो. त्या दिवसापासून त्या घरात रोज सगळे एकत्र जेवू लागले. पाहुणे कौतुक करत, "किती छान सवय लावलीत मुलीला!" ती सवय कुणी लावली, हे कुणीच विचारत नसे.

पण कौतुकाचे दिवस फार टिकले नाहीत. सुहासिनींकडे हळदीकुंकू होतं. अकरा बायका आल्या. कुणी बाल्कनीत, कुणी सोफ्यावर, कुणी फ्रिजपाशी. मी अगदी अदबीने, कुणावरही न भुंकता, एकेकीला सरकवत नेलं. अर्ध्या तासाने लक्षात आलं की अकराच्या अकरा जणी फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात वाणाच्या स्टीलच्या वाट्या हातात घेऊन उभ्या आहेत. कुणाला हलायला जागा नाही. गप्पा मात्र झकास रंगल्या होत्या.

त्या अकरा जणींत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी वनमालाबाई होत्या. त्यांना बाथरूमला जायचं होतं. त्या तीनदा बाहेर पडायला निघाल्या, तिन्ही वेळा मी त्यांना परत आणलं.

"काय खडूस कुत्रा आहे हा!" त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी मला खडू कधी म्हटलंच नाही, कायम खडूसच.

पुढच्या महिन्यात कडेलोट झाला. सोसायटीच्या बागेत रोज सकाळी ज्येष्ठांचा हास्यक्लब भरतो. चौदा माणसं हात वर करून 'हा हा हा' करत इकडेतिकडे पांगत होती. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार होतो? गंधालीच्या हातातून पट्टा सुटला आणि मी दोन मिनिटांत चौदा जणांना पाण्याच्या टाकीपाशी गोल जमा केलं. कुणाला चावलो नाही की ओरबाडलं नाही. एक आजोबा तर खूश होऊन म्हणाले, "पहिल्यांदाच सगळे वर्तुळात उभे राहिलो!" पण त्या क्लबच्या प्रमुखही वनमालाबाईच होत्या.

संध्याकाळी मीटिंग झाली. कुत्रा महिन्याभरात दुसरीकडे हलवावा, असं ठरलं. गंधाली मोबाईल घेऊन उभी राहिली. "असं सांगता येत नाही. नियम आहे, मी वाचून दाखवते." पण विद्याधर यांनी तिला खाली बसवलं. "बघतो आम्ही काहीतरी," ते म्हणाले. घाम पुसत ते घरी आले. गंधाली त्या रात्री त्यांच्याशी बोलली नाही. मी त्या दोघांना एका खोलीत आणायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही.

मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझे दात पाहिले, कान पाहिले, छातीला नळी लावली.

"काय झालंय याला?" विद्याधर यांनी विचारलं.

"काहीही नाही. हा बेकार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे याला नोकरी नाही हो! ही कामाची जात आहे. काम द्या, नाहीतर हा स्वतःच काढेल."

"मग काय, माझ्या ऑफिसात लावू का?" विद्याधर कधी नव्हे ते चिडून म्हणाले.

मार्ग काढला सुहासिनींनी. त्यांच्या माहेरच्या शेजारी रुक्मिणीमावशी राहायच्या. मूळच्या कुडाळकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर ते दोघं आरे कॉलनीतल्या एका तबेल्यात कामाला लागले. नवरा पुढे वारला. मावशी मात्र साठीतही मालकाच्या बावीस म्हशी एकहाती सांभाळत होत्या. रोज दुपारी त्या म्हशींना तळ्यावर न्यायचं, परत आणायचं, आणि मध्ये गाड्यांचा रस्ता. त्यांना सोबत हवीच होती.

मावशींनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"ह्यो कुत्रो म्हशी राखतलो? केस बघ ह्येचे, पार्लरात जाऊन इल्यासारखे!" मग त्यांचं लक्ष गंधालीकडे गेलं. ती गाडीतून उतरलीच नव्हती. "रडू नको गो चेडवा. मी काय ह्येका खातंय? ऱ्हव दी म्हयनोभर. नाय जमला तर घेऊन जा."

गाडी गेली. मी तिच्यामागे फाटकापर्यंत धावलो. मित्रांनो, कळपातली तीन माणसं एकदम निघून गेली, तर राखणदाराने काय करायचं, हे माझ्या पूर्वजांनाही ठाऊक नसावं.

दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झालो. आमच्या जातीचं मुख्य हत्यार म्हणजे नजर. आम्ही खाली वाकून टक लावून पाहतो आणि मेंढ्या मुकाट हलतात. मी कळपातली थोरली म्हैस चंपा हिच्यापुढे वाकलो आणि टक लावली. चंपाने माझ्याकडे पाहिलं. रवंथ केलं. मग माझ्या तोंडावर शिंकली.

मावशी पोट धरून हसल्या. "मेल्या, नजर कसली लावतंस? तिका तुझ्यावांगडा लगीन करूचा नाय हा!"

मी भुंकलो. चंपा चिखलात बसली. तिचं पाहून उरलेल्या एकवीस बसल्या. त्या दिवशी सगळ्यांना तबेल्यात यायला अंधार पडला आणि माझे पार्लरचे केस शेणाने असे चिकटले की मावशींनी ते कात्रीने कापून टाकले.

पण मी हट्टी आहे. आठवडाभरात मला म्हैस समजली. म्हशीला घाई केलेली चालत नाही. घरी जावं हे तिला स्वतःलाच सुचलंय, असं वाटू द्यावं लागतं. म्हणून मी चंपाच्या मागे न लागता तिच्या डाव्या बाजूला, जरा लांब, निरर्थक उभा राहू लागलो. तिला माझं तोंड बघायला आवडत नसे. ती उजवीकडे वळे. तबेला उजवीकडेच होता. एवढंच ते गुपित! महिना व्हायच्या आत आम्ही रोज वेळेवर रस्ता ओलांडू लागलो. बसचे ड्रायव्हर गाडी थांबवून मला हात दाखवत. मावशी येईल-जाईल त्याला सांगत, "ह्यो माजो मुकादम!"

काम मिळालं, मान मिळाला. तरी जेवण जाईना. मावशी भाकरी दुधात कुस्करून पुढे ठेवत. मी दोन घास खाऊन फाटकापाशी जाऊन बसे. बावीस म्हशी जागेवर असत, पण माझा कळप पुरा होत नव्हता.

महिना भरत आला तेव्हा एका रविवारी ते तिघं आले. मी काय केलं ते आठवत नाही. गंधाली म्हणते, मी वेड्यासारख्या त्यांच्याभोवती नऊ फेऱ्या मारल्या. मग ती अंगणात मांडी घालून बसली, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. महिन्याभरात पहिल्यांदाच मी म्हशींकडे पाठ केली होती.

नेमकं तेव्हाच विद्याधर यांना तबेल्याचा फोटो काढायची हुक्की आली. फोटोत सगळं मावावं म्हणून ते मागे मागे सरकत फाटकाबाहेर गेले. फाटक उघडंच राहिलं.

मी डोळे उघडले तेव्हा आठ म्हशी रस्त्यावर होत्या. रविवारची गर्दी, गाड्यांची रांग, भोंगे. चंपा नुकतीच व्याली होती. तिचं आठ दिवसांचं रेडकू एका मोटारसायकलच्या भोंग्याला बिचकलं आणि उतारावरून पळत सुटलं. विद्याधर यांना आपली चूक कळली. बिचाऱ्यांनी धावत जाऊन रेडकाला दोन्ही हातांनी मिठीच मारली.

"पकडलं! मावशी, पकडलं!"

रेडकू जिवाच्या आकांताने ओरडलं. चंपाने मान वळवली. आपलं पिल्लू एका अनोळखी माणसाच्या मिठीत पाहिलं आणि शिंगं खाली घालून ती निघाली. एरवी हलायला अर्धा तास घेणारी चंपा!

"भाऊनू, सोडा त्येका! सोडा!" मावशी ओरडल्या. विद्याधर यांना वाटलं, 'धरा' म्हणतायत. त्यांनी आणखी घट्ट धरलं.

चंपाला वळवायला वेळ नव्हता. म्हणून मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. विद्याधर यांची पँट पोटरीपाशी दातात धरली आणि सगळी ताकद लावून ओढली. ते कोलमडले, हात सुटले आणि रस्त्याकडेच्या शेणपाण्याच्या चरात उताणे पडले. रेडकू आईकडे धावलं. चंपा चराच्या काठावर थांबली, विद्याधर यांच्याकडे जळजळीत पाहिलं, मग पिल्लाला चाटू लागली.

 पण अजून सात म्हशी रस्त्यावर होत्या. मी गेलो आणि एकेकीच्या डावीकडे निरर्थक उभा राहिलो. थांबलेल्या बसमधली माणसं टाळ्या वाजवत होती.

चरातून आवाज आला, "मला चावला हा!"

"तो चावलो म्हणान जिते आसात," मावशी म्हणाल्या. पँट फाटली होती, कातडी शाबूत होती. त्यांना हात देऊन वर काढत मावशी पुढे म्हणाल्या, "एक सांगतंय, रागावू नका. कामाचो कुत्रो आसा, सोना आसा. पण म्हयनोभर धड जेवक नाय. ह्येका काम व्हया आणि तुमीपण व्हये. शनवार-आयतवार माज्याकडे सोडा. बाकी दिस घरी न्येवा."

विद्याधर यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. मला गाडीत बसवलं. मुलुंडला आल्यावर सुहासिनी म्हणाल्या, "आधी वर जाऊन आंघोळ करा." ते वर गेले, पण घरी नाही. तशाच शेणाने माखलेल्या कपड्यांत त्यांनी वनमालाबाईंची बेल वाजवली. गंधाली आणि मी जिन्यात उभे राहून पाहत होतो.

दार उघडलं. वनमालाबाईंनी चटकन पदर नाकाला लावला.

"वनमालाबाई," विद्याधर म्हणाले. त्यांना घाम फुटला होता, पण आवाज कापत नव्हता. "खडू घरी आलाय. तो इथेच राहणार. मला नियमही माहीत आहेत आणि भांडताही येतं. आत येऊन बोलू का? सोफ्यावर बसून?"

"नको, नको! राहू दे कुत्रा! तुम्ही आधी आंघोळ करा!"

गंधालीने बापाला तशाच शेणासकट मिठी मारली. मला कुणाला ढकलावंही लागलं नाही.

पुढची सात वर्षं मी दर शनिवार-रविवार नोकरी केली. सोमवारी इतका दमलेला असे की हास्यक्लब माझ्या अंगावरून गेला असता तरी मी उठलो नसतो. मग मावशी गावाला परतल्या, तबेला दुसऱ्याने घेतला आणि माझेही मागचे पाय दुखू लागले. आता गंधाली कॉलेजातून आली की मला उचलून खाली बागेत नेते. बाकी दिवस मी खिडकीपाशी पडलेला असतो. कधी कधी घरातले सगळे आपापल्या मोबाईलमध्ये असतात आणि मी बराच वेळ कुणाच्या लक्षात येत नाही. मी तक्रार करत नाही, फक्त सांगतो.

परवा पाचव्या मजल्यावरची जान्हवी आमच्याकडे आली. तिच्या हातात तीन महिन्यांचं पिल्लू होतं, माझ्याच जातीचं. ती रडवेली झाली होती. "सुहासिनीकाकू, याला देऊन टाकावं लागणार बहुतेक. हा आम्हाला घरात फिरूच देत नाही हो. सारखा ढकलतो."

सुहासिनी हसल्या. "बस. चहा टाकते. खूप सांगायचंय तुला."

मित्रांनो, त्या काय सांगणार, ते तुम्हीही ऐकून ठेवा. आम्हाला घरी आणण्याआधी आमचं रूप बघू नका, आम्ही कशासाठी जन्मलो ते विचारा. ते काम आम्हाला द्या. आणि काम दिलंत म्हणून आम्हाला सोडून जाऊ नका. आम्ही थकल्यावर तर नकाच.

त्या दोघी बोलत होत्या तेवढ्यात पिल्लू जान्हवीच्या हातातून उतरलं. खोलीभर फिरलं. खिडकीपाशी एकटा पडलेला मी त्याला दिसलो. ते माझ्यापुढे येऊन वाकलं, टक लावली आणि इवल्या नाकाने माझी दुखरी मांडी ढकलू लागलं. चल, ते सगळे तिकडे आहेत, तू इथे काय करतोयस?

मला उठायला फार त्रास होतो. पण मी उठलो. ते लहानगं मला ढकलत राहिलं आणि मी हळूहळू, अगदी मेंढीसारखा, माझ्या माणसांमध्ये जाऊन बसलो.