डाव्या सीटखालचा पाइप

शीला होती तोवर नवनीत आणि त्याची सासू दगूबाई यांच्यातली सगळी बोलणी शीलामार्फत चालायची. ती गेली आणि ते काम मांजरावर आलं.

दगूबाई जुन्या वळणाची. जावयासमोर डोक्यावर पदर असायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हे तिनं लेकीच्या लग्नापासून पाळलं होतं. शीलाच्या आजारपणात ती नंदुरबारला लेकीची सेवा करायला आली. लेक गेली, तेराव्याचे पाहुणे गेले, आणि दगूबाई तिथंच राहिली. तिला कोणी थांबवलं नव्हतं आणि जा असंही कोणी म्हटलं नव्हतं. मग मांजर ओट्यावर बसलं की ती म्हणायची, "मने, सांग तुन्हा मालकले, भाजी नही शे घरमा." नवनीत वीज कार्यालयातून निवृत्त झालेला, साठीतला माणूस. तोही मांजराकडे पाहूनच उत्तर द्यायचा, "मने, सांग त्यांना, आणतो." मांजर बाहेर गेलेलं असलं तर दोघं ते परत येईपर्यंत गप्प बसायची.

अशा घरात नवनीत अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली मोटार बांधत होता. उघडी, दोन सीटची, जुन्या धाटणीची गाडी. सांगाडा, फायबरची बॉडी आणि नटबोल्टच्या पिशव्या लाकडी खोक्यांतून बाहेरगावाहून आल्या होत्या. इंजिन जुन्या व्हॅनचं. फोनवर एका माणसाला घरी गाडी बांधताना पाहून शीलाच म्हणाली होती, "तुम्हालाही जमेल. नाहीतरी निवृत्त झाल्यावर माझ्या स्वयंपाकातच लुडबुड करणार." पहिलं खोकं तिनंच उघडलं. बाकीची उघडायला ती राहिली नाही.

वर्षभर खोकी तशीच पडून होती. ती उघडली दिनेशमुळे.

दिनेश म्हणजे शीलाचा भाऊ. सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. दिवाळीला आला तेव्हा त्यानं नवनीतला बाजूला घेतलं. "दाजी, राग मानू नका. मायला मी सुरतेला नेतो. इथं तिला दवाखान्यात न्यायचं तर कोण नेईल? तुमच्या मोटारसायकलवर मागं ती बसणार नाही. रिक्षात तुमच्या शेजारी बसणार नाही. आणि दिवसभर ती बोलते कोणाशी?"

"मांजराशी," नवनीत म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

नवनीतनं होकारार्थी मान हलवली, पण त्या रात्री जेवताना त्याच्या लक्षात आलं की भाकरीला शीलाच्या हातची चव होती. ती आली कुठून हे उघड होतं. ही बाई गेली की घरात मांजर, तो आणि खोकी उरणार होती. दुसऱ्या दिवशी त्यानं मांजराला सांगितलं, "मने, त्यांना विचार, गाडी झाली तर तिच्यात बसतील का?"

आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग उत्तर आलं, "मने, सांग, पहिले होऊ दे."

गाडी झाली. म्हणजे जवळजवळ झाली. अडलं ते सायलेन्सरच्या पाइपवर. व्हॅनच्या इंजिनाचा धूर डाव्या बाजूनं निघायचा, आणि किटसोबत आलेला पाइप तिथून खाली वळून डाव्या सीटच्या पायाखालून मागं जायचा. इंजिन चालू करून पाहायला नवनीतनं कोपऱ्यावरच्या हिलालला बोलावलं. हिलालचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि तोंड त्याच्या वेल्डिंगपेक्षा जास्त चालायचं. तो ऐटीत डाव्या सीटवर बसला, इंजिन चालू झालं, आणि दोघं मिरचीच्या भावावर बोलत राहिले. उतरायच्या वेळी हिलाल उतरला, त्याची चप्पल उतरली नाही.

"नवनीत भो," हिलाल अनवाणी उभा राहून म्हणाला, "गाडी शे का तवा शे?"

चप्पल उलथन्यानं काढावी लागली. ज्या जागी दगूबाईनं पाय ठेवायचे तिथं रबर वितळत होतं. आणि दिनेश येत्या रविवारी येणार होता, आईची पेटी न्यायला.

हिलालनं तीन वाटा सुचवल्या. पाइप आणखी खाली घ्यायचा. पण त्यांच्या गल्लीच्या तोंडावर जो गतिरोधक होता त्याच्यावर बैलगाडीसुद्धा विचार करून चढायची, तिथं पाइप पहिल्याच दिवशी उपटून निघाला असता. दुसरी वाट, डाव्या बाजूनं बॉडीच्या बाहेरून न्यायचा. पण दगूबाई चढताना लुगड्याचा काठ त्याला लागला असता. तिसरी, बॉनेटमधून सरळ वर काढायचा, ट्रॅक्टरसारखा.

"मला ट्रॅक्टर घ्यायचा असता तर ट्रॅक्टर घेतला असता," नवनीत म्हणाला.

"मंग पाइप ऱ्हाऊ दे तठेच आणि सासूले बूट घी दे."

पाइप आहे तिथंच ठेवून गुंडाळायचा, असं नवनीतनं ठरवलं. त्यासाठी काचेच्या धाग्याची पट्टी मिळते, उष्णता आत कोंडून ठेवते. ती त्यानं मागवली होती. पण पार्सल कुठल्या तरी गोदामात बसलं होतं आणि रविवार काही गोदामात बसणार नव्हता. शुक्रवारी सकाळी तो परसात चहा पीत होता आणि दगूबाई चुलीवर पाणी तापवत होती. आत लाल जाळ, आणि तिनं चुलीच्या बाहेरच्या अंगाला आरामात पाठ टेकलेली. नवनीतनं कप खाली ठेवला.

"मने," तो म्हणाला, "त्यांना विचार, चुलीला बाहेरून काय लावतात?"

मांजर चुलीजवळच्या उबेत होतं. दगूबाईनं त्याच्याकडे पाहून सांगितलं, "पांढरी माती, गव्हाना भुसा, थोडं शेन. कसाले पाहिजे?"

"सायलेन्सरला लावायला."

दगूबाईच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिनं ते पदराआड घेतलं. "मने, सांग, चूल एका जागे बठस. हाई धावस. नुसती माती गळी पडी. गोणपाटाच्या पट्ट्या कापाना, मातीत बुडवाना, आन् गुंडाळाना. पोतं कोठीमा शे. पन ते..."

इतक्यात भिंतीवरून चिमणी उडाली आणि मांजर तिच्यामागं गेलं. दगूबाईचं तोंड उघडं होतं ते तिनं मिटलं. मांजर नसताना बोलायचं कसं? नवनीतनं थोडी वाट पाहिली आणि तो कोठीत गेला.

शनिवारी दिवसभर काम चाललं. दगूबाईनं माती मळून दिली, इतकी मऊ की तिची बाहुली करावी. नवनीतनं पोतं फाडलं, पट्ट्या बुडवल्या आणि सोडवून ठेवलेल्या पाइपवर एकावर एक गुंडाळल्या. मधूनमधून शिंका येत होत्या. पण मिरचीच्या हंगामात नंदुरबारात शिंका सगळ्यांनाच येतात. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरच्यांचे गालिचे वाळत पडलेले असतात आणि वारा फिरला की आख्खं गाव नाक पुसतं. शिंकेवरून पोत्याचा संशय घ्यावा असं त्याच्या मनातही आलं नाही.

हिलाल डोकावला. पांढऱ्या लेपातला तो वाकडा पाइप उन्हात वाळत पडला होता. "कोनी तंगडी मोडनी?" त्यानं विचारलं आणि कोणी उत्तर देईना म्हणून पाइपलाच म्हणाला, "लवकर बरं वाटू दे."

रविवारी सकाळी पाइप परत जागेवर बसला आणि दुपारी दिनेश आला. दगूबाईची पत्र्याची पेटी दारात काढून ठेवलेली होती. नवनीतनं तिच्याकडे न बघता दिनेशला चहा पाजला आणि म्हटलं, "दिनेश, पेटी उचलायच्या आधी गाडी बघ. दवाखान्याचं म्हणत होतास ना. आता मोटारसायकल नको, रिक्षा नको."

दिनेशनं गाडीभोवती चक्कर मारली. गाडी देखणी होती, हे त्याला कबूल करावं लागलं. "पण सीट दोनच आहेत दाजी. आणि शेजारीशेजारी."

"मधे पडदा लावी देऊ," कुंपणावरून हिलाल म्हणाला. त्याला बोलावलं नव्हतं.

दगूबाई पदर पुढं ओढून दारात उभी होती. ती बसायला पुढं येत नव्हती आणि आतही जात नव्हती. नवनीतनं चावी फिरवली. इंजिन लागलं. त्यानं डावीकडच्या तळाला हात लावून दिनेशला दाखवलं. "बघ, गार. आणखी थोडा वेळ चालू देतो, तरी गारच राहील."

तळ खरंच गार राहिला. पाइप तापला, मातीला भेगा पडल्या आणि आतलं गोणपाट जळू लागलं. त्या पोत्यात गेल्या हंगामाची मिरची होती आणि तिचा भुगा धाग्याधाग्यात बसलेला होता.

पहिला ठसका दिनेशला लागला. मग नवनीतला. मग कुंपणावरचा हिलाल दिसेनासा झाला आणि त्याचा फक्त खोकला ऐकू येत राहिला. शेजारच्या घरांच्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. नवनीत डोळे मिटून चावी चाचपडत होता, ती हाताला लागत नव्हती. तेवढ्यात दारातून दगूबाई धावत आली, पदराचा बोळा नाकाला लावून तिनं गाडीत हात घातला आणि चावी फिरवली. मग बादली उचलून पाइपवर ओतली. वाफेचा मोठा फुस्स आवाज झाला.

"पोतं धुयं नही का तुम्हीन?" दगूबाई म्हणाली.

"माले कोनी सांगं धुवाले?" नवनीत म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी सांगी ऱ्हायंती. मांजर उठी गयी."

"मांजर गयी ते काय झायं? मी तठेच उभा व्हतू."

"तुम्हीन तरी इचारता. पोतं लाललाल दिसस, शिंका येतस, तरी मानूस गुंडाळीच ऱ्हायना. नाक शे का नही?"

"नंदुरबारमा ऱ्हायसन नाकवर कोन भरोसा ठेवी? आन् माती तुम्हीच मळी दिधी. तुम्हले पोतं दिसनं नही?"

"मले वाटनं धुई घेतलं व्हई. तुम्हीन ते शिकेल-सवरेल मानूस, सरकारी नोकरी करेल."

"वीज कार्यालयात पोती धुवायला नव्हतो मी."

ती बोलत होती, तो बोलत होता. पोत्यावरून गोष्ट भाजीवर गेली. तिला मेथी हवी असताना तो दरवेळी पालक आणतो. तो म्हणाला, मांजरानं मेथी सांगितलीच नाही कधी. ती म्हणाली, रात्री तो दार न लावता झोपतो. तो म्हणाला, आपण पहाटे पाचला भांडी घासता, झोपायचं कधी? वर्षभराचं साठलेलं सगळं निघालं, आणि दिनेश नाकाला रुमाल लावून मधे उभा होता. हळूहळू त्याच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं, पण तो बघतच राहिला.

"माय," शेवटी तो म्हणाला, "तू दाजींशी बोलतेस."

दगूबाई थबकली. तिचा हात डोक्याकडे गेला. पदर होता, पण ओला आणि मातीचा. तिनं तो सारखा केला. नवनीतला वाटलं, आता ही आत जाणार, आणि पेटी सुरतेला जाणार.

"मंग काय करू," ती दिनेशला म्हणाली. "घर पेटाले ऊनं व्हतं." मग ती नवनीतकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तो पाइप मन्हा पायखालतून काढा. तुम्हना बाजूले घ्या. चालवनारानं भाजून घेवो."

"इंजिनाखालून उजवीकडे वळवावा लागेल," नवनीत म्हणाला. "मग बाहेरून न्यावा लागेल. माझ्या दारातूनच जाईल तो."

"ते घोड्यावर चढतस तसा पाय टाकीसन चढा."

"त्याच्यावर जाळीचा पत्रा बसव," दुरून हिलालचा घसा बसलेला आवाज आला. "बोटभर अंतर सोडीसन. मधून वारा गया म्हनजे पत्रा तापत नही. माती नको आता, हात जोडस."

दिनेशनं पेटीकडे पाहिलं. "माय, मग निघायचं ना?"

"पाइप व्हवापावत मी येत नही. त्यासले काही समजत नही."

"आणि पाइप झाल्यावर?"

"पाइप झाया म्हनजे गाडी फिरी. गाडी फिरी ते मी कसाले येऊ?"

दिनेश पेटीच्या वाटेतून बाजूला झाला. नवनीतनं पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. ती जड होती, पण त्याला ती जड लागली नाही.

पाइप उजवीकडे गेला. हिलालनं जाळीचा पत्रा ठोकून दिला, मधे बोटभर फट सोडून. नवनीत रोज पाय उंच टाकून गाडीत चढायला शिकला आणि दोनदा पोटरी भाजल्यावर नीट शिकला. मधला पडदा कोणी लावला नाही. दगूबाई तोंड किंचित बाहेरच्या बाजूला करून बसायची, तेवढीच तिची मर्यादा.

घोड्यांच्या जत्रेच्या दिवसांत ती दोघं सारंगखेड्याला निघाली. तिथं दगूबाईचं माहेर. तापीच्या पुलाआधी घोड्यांनी भरलेले ट्रक पुढं होते, त्यामुळं गाडी हळूहळू चालली होती.

"लहानपनी शीलाले आठेच घी येऊत," दगूबाई बाहेर बघत म्हणाली. "एकदाव एका व्यापारीनी घोडीवर बठनी, ते उतरेच ना. आख्खा घोडास्ना तळ फिरी ऊनी. तिना बाप मांगे धाई धाई थकी गया."

नवनीतनं गाडी आणखी हळू केली. "घोड्यावर? मला तर ती म्हणायची, घोड्याची फार भीती वाटते. जत्रेत हात सोडायची नाही."

 दगूबाईचे खांदे हलू लागले. ती हसते आहे हे त्याला कळलं, आणि थोड्या वेळानं ती नुसती हसत नाही हेही कळलं.

"तिले कसानीच भीती नव्हती," ती म्हणाली. "तुम्हना हात धराना व्हता तिले."

मागून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. नवनीतनं त्याला हातानं पुढं जायला सांगितलं आणि गाडी कडेला घेतली. "आणखी सांगा," तो म्हणाला.