शुगरचा आकडा आणि अंकनाथ महाराज

नायगावच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्न नव्हतं. हातात रिपोर्ट धरून तालुक्यातले शुगरवाले जमले होते, आणि स्टेजवर नवरदेवाच्या सोफ्यात अंकनाथ महाराज रुतून बसले होते.

"आकडा बोल, माय!"

"तीनशे सतरा," तुळजाबाई म्हणाल्या.

"दोनदा लिही. एक आकडा रोग्याचा, एक देवाचा. झाले तीन लाख सतरा हजार तीनशे सतरा! आता सप्तर्षींच्या सातानं भाग. अकरा रुद्रांच्या अकरानं भाग. अन् मरणाच्या तेराव्याच्या तेरानं!"

तुळजाबाईंचा लेक शिवप्रसाद मोबाईलवर भागाकार करत गेला.

"पॉइंट आला का?"

"न्हाई महाराज!"

"मग रोग कुठून येईल? इन्सुलिन बंद!"

टाळ्या. एवढा मोठा आकडा, अन् कुणाचाच पॉइंट येईना. अख्ख्या गर्दीत देव एकालाही नापास करीना, याचा संशय मात्र एकालाही येईना.

तुळजाबाईंनी सुई सोडली. पायाची जखम चिघळली, अंगठा काळा पडला. तरी बाई पुन्हा महाराजांच्याच पुढं. या वेळी सोबत शेजारच्या महामाया गजभारे आल्या. त्या शाळेत गणित शिकवतात.

तुळजाबाईंचे मालक शेषेराव शुगरनंच वारले होते. मॅडमनी हळूच विचारलं, "मावशी, काकांचा शेवटचा रिपोर्ट किती होता?"

"चारशे बारा."

मॅडम उठल्या. "महाराज, आमचे शेषेरावकाका. आकडा चारशे बारा."

"दोनदा लिही! पॉइंट?"

"न्हाई," शिवप्रसाद पुटपुटला.

"शेषेरावांना शंभर वर्षं आयुष्य! इन्सुलिन बंद!"

मागून एक म्हातारा ओरडला, "ओ महाराज, त्याच्या तेराव्याला मी जेवून आलो की!"

हशा पिकला. महाराज लाल झाले. "या बाईचा देवावर इश्वास न्हाई!"

"माझा भागाकारावर हाय," मॅडम म्हणाल्या. "आकडा दोनदा लिहिला म्हणजे काय झालं? चारशे बाराची हजार पट, अन् वर आणखी एकदा चारशे बारा. म्हणजे एक हजार एक पट. शिवा, सात गुणिले अकरा गुणिले तेरा किती?"

"एक हजार एक!"

"मग तीन आकडी काहीही दोनदा लिहा, म्हशीचं वजन लिहा, भाग जाणारच. आता चारशे बारा एकदाच लिहून तेरानं भाग."

"मॅडम, लई लांब पॉइंट आला की!"

तुळजाबाईंनी रिपोर्ट पिशवीत घातला. मग म्हणाल्या, "शिवा, गाडी काढ."

विष्णुपुरीच्या दवाखान्यात पाय वाचला. अंगठा गेला.

महाराज आता दुसऱ्या तालुक्यात आकडे लिहून घेऊन राहिलेत. उद्या तुमच्याकडं येतील. रक्तातली साखर भागाकारानं उतरत नाही. सुई डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका, आणि स्टेजवरच्या माणसाचं गणित घरी स्वतः करून बघा. शाळकरी पोराला येतं तेवढंच आहे ते. तेवढाही त्रास नको असेल, तर पुढचा अंगठा कुणाचा जाणार, हे सांगायला महाराज कशाला हवा?