काजलचे निरोप

“उभय पक्षांत संवाद सुरळीत सुरू असून अपत्यावर कोणताही विपरीत परिणाम आढळून येत नाही. प्रकरण बंद करावे.”

आर्वीच्या समुपदेशन केंद्रात चौदा वर्षे काढलेल्या विमलाबाईंनी हे वाक्य इतक्यांदा लिहिले होते की आता ते हातच लिहीत असे. डोक्याला तसदी पडत नसे. रत्नदीप आणि मयुरी या नवरा-बायकोच्या कागदावरही ते उमटले होते. सहीच तेवढी बाकी होती.

संवाद होता, हे खरे. फक्त तो त्या दोघांत नव्हता. एसटी डेपोतला मेकॅनिक रत्नदीप आणि शिवणकाम करणारी मयुरी पाच महिने एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. दोन खोल्यांच्या त्या घरात निरोप्याचे काम त्यांची नऊ वर्षांची मुलगी काजल करी. ‘अपत्य’ या शब्दात तिची ही नोकरी मावत नव्हती, आणि सरकारी कागदात तसा रकानाही नव्हता.

“आता बरं चाललं आहे ना?” विमलाबाईंनी सहीपुरते विचारले.

“हो बाई,” मयुरी म्हणाली. “परवा यायनंच निरोप धाडला, माहेरी नको जाऊ, करमत नाई म्हणून. म्हणून तं थांबली मी.”

रत्नदीपने मान वर केली. “मी? मी म्हटलं, जाय तं कायमची जाय! अन् तूच तं सांगून धाडलं, माहं चुकलं म्हणून.”

“माहं चुकलं? माही जुती म्हणते तसं! मी तं पोरीले म्हटलं, तुह्या बापाचं तोंड पाहाची इच्छा नाई.”

दोघांच्या माना एकदमच मधे बसलेल्या पोरीकडे वळल्या. पाच महिन्यांत त्यांनी मिळून केलेली ही पहिली गोष्ट.

“खोटारडी!” रत्नदीप ओरडला. “लिहा बाई, पोरगी खोटं बोलते. आमचं हसं करून राह्यली.”

“काऊन केलं वं असं?” मयुरीने तिचा दंड धरून हलवला.

काजल दोन्ही हातांनी पोट दाबून बसली होती. रोज पोट दुखते, औषधाने थांबत नाही, असे तिच्या शाळेने कळवले होते; विमलाबाईंनी ते ‘आहार’ या सदरात टाकले होते.

त्यांनी आपले वाक्य खोडले. खाली काजलचा जबाब घेतला, आणि चौदा वर्षांत प्रथमच तो शुद्ध न करता, बोलला गेला तसाच लिहिला:

“हो, मी खोटं बोलली. रोज बोलली. खरं सांगतलं असतं तं घरी कोणी एकच राह्यलं असतं. मले दोघंबी पाह्यजे होते.”