देवाची गोळी

माझी पिशवी काढायची तारीख ठरली तेव्हा घरात सगळ्यांत निवांत मीच होते. धान घरात आलं होतं, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा होऊन गेली होती आणि तिरोड्याच्या डॉक्टरांनी पुढचा सोमवार दिला होता. "मुलं झाली, आता गर्भाशयाचं काय काम?" असं ते म्हणाले आणि मला ते पटलंसुद्धा. वर्षभर वेळी-अवेळी अंगावरून जाऊन मी पार थकले होते. जिना चढले तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. आमच्या आळीत चाळिशीपुढच्या निम्म्याअधिक बायकांच्या पिशव्या निघालेल्या. सासूबाईंची तर छत्तिसाव्या वर्षीच निघाली होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "काढून टाक वो, झंझट संपते."

माझी मुलगी नीतू गोंदियाला नर्सिंग शिकते. फोनवर तिला सांगितलं, तर बया भडकलीच.

"आई, दुसऱ्या कोणाले दाखवलं का?"

"कायले? डॉक्टर काय खोटं बोलून राहिला?"

"खोटं नाही म्हणत मी. पण कापल्यावर परत लावता येत नाही ना! सोमवारपर्यंत आठ दिवस आहेत. ते मले दे. शनिवारी इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मॅडमले दाखवू. मॅडम म्हणाल्या काढा, तर मीच तुझ्यासोबत येतो."

लेकीपुढे कोणाचं चालतं? मी हो म्हटलं. पण पोरीने नुसते आठ दिवस मागितले नव्हते, त्यांचं टाइमटेबलही पाठवलं. रोज दुपारी तासभर आडवं व्हायचं. पहिल्या पंगतीत बसून गरम जेवायचं. रात्री पायाला तेल लावायचं. होस्टेलच्या मुलींनी गावोगावच्या बायांना बोलतं करून रेकॉर्डिंग केली होती, त्यातलं रोज एक ऐकायचं. आणि दिवाळीत ठेवून गेलेला त्यांचा हस्तलिखित अंक वाचायचा. तो अंक मी शेवयांच्या डब्याखाली टेकू म्हणून दिला होता, तो ओढून काढला.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मी पहिल्या पंगतीत बसले तेव्हा ह्यांनी, म्हणजे उमेंद्ररावांनी, माझ्याकडे असं पाहिलं जसं काही म्हैसच ताटावर येऊन बसली. मी भात वाढून घेतला आणि जेवले. लग्नाला बावीस वर्षं झाली. गरम वरणाची चव काय असते ते मी माहेरीच विसरून आले होते. दुपारी झोपायला गेले तर झोप येईना. कोणीतरी हाक मारेल म्हणून कान दाराकडे. मग फोन उशाशी ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

चिचगडकडची कोणी चमेली म्हणून बाई बोलत होती. मोहफुलं वेचते, शेतीही करते. म्हणाली, "नवऱ्याचं डोकं दुखलं तं सारं घर हळू बोलते. माहं पोट दुखलं तं मीच कोणाले सांगत नाही. मंग लोकाईले कसं मालूम होईन?" मला हसूच आलं. मग हसता हसता रडू आलं, आणि त्या रडण्यातच कधी डोळा लागला कळलं नाही. उठले तेव्हा चार वाजले होते आणि घर जागच्या जागी होतं.

मंगळवार-बुधवार असेच गेले. अंकात एका मुलीने आपल्या आजीबद्दल लिहिलं होतं. त्या आजीने आयुष्यभर स्वतःचं दुखणं 'काही नाही वो' या तीन शब्दांत सांगितलं. मी तो लेख दोनदा वाचला. मीही ह्यांना हेच सांगत होते की!

गुरुवारच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी गृहपाठ होता. मागच्या वर्षात पाळी कधी आली, किती दिवस राहिली, आठवेल तसं कॅलेंडरवर मांडा. म्हटलं, चला, हेही करू.

आता इथे एक सांगायला पाहिजे. आमच्या गावात बायकांचं भजन मंडळ आहे आणि त्यात पेटी वाजवणारी मी एकटी. भागवत सप्ताह असो, नवरात्र असो, कोणाकडे सत्यनारायण असो, माझ्याशिवाय मंडळ उठत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर भजनाच्या तारखांना मी लाल गोल करून ठेवते. त्या गुरुवारी निळा पेन घेतला आणि आठवून आठवून पाळीचे दिवस टिंबांनी मांडायला लागले. हरतालिका झाली आणि दोन दिवसांनी रक्त. नवरात्र उठलं आणि लगेच. कोहमाऱ्याच्या सप्ताहाहून आले आणि दहा दिवस थांबलंच नाही. पानं उलटत गेले. प्रत्येक लाल गोलामागे निळी टिंबं उभी.

मी तिथेच धान्याच्या कोठीवर बसले.

पाळी आलेल्या बाईने देवापुढे बसायचं नाही. मग पेटी कोण वाजवणार? म्हणून भजनाच्या आधी पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची, भजन झालं की थांबवायची, आणि मग अंगावरून जायला लागायचं. ही वाट मला सासूबाईंनीच दाखवली. त्यांनी त्यांच्या काळात घेतली, मंडळातल्या इतर बायाही सणावाराला घेतात. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, दुकानात जाऊन हळूच मागायची. आम्ही तिला आपसात 'देवाची गोळी' म्हणतो. माझी पाकिटं पेटीच्या खोक्यातच असतात, सुरांच्या शेजारी. वर्षभरात मी ती किती वेळा घेतली, हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तेरा वेळा.

आणि तिरोड्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "कोणतं औषध सुरू आहे का?" मी ठणकावून सांगितलं होतं, नाही. खोटं बोलले नव्हते हो! देवासाठी घेतलेली गोळी कोणी औषधात धरतं का?

मी पेटीचा एक सूर उतरला तरी ओळखणारी बाई. आणि हे वर्षभर भिंतीवर टांगलेलं मला दिसलं नाही. स्वतःचाच इतका राग आला की कॅलेंडर खिळ्यासकट उपसून काढलं.

शनिवारी निघताना ह्यांनी विचारलं, "तिरोड्याच्या डॉक्टरले काय सांगू? तारीख तं पक्की झाली."

"सांगा, पिशवी जिची आहे ती विचार करून राहिली."

गोंदियात नीतू दवाखान्याच्या दारातच उभी होती. आत मॅडमपुढे मी गुंडाळी केलेलं कॅलेंडर उलगडलं आणि गोळ्यांचं पाकीट ठेवलं. मॅडमने एकेक पान पाहिलं. मग चष्मा वर केला.

"ये आपने पहले वाले डॉक्टर को बताया था?"

"नाही मॅडम. ती दवाई थोडीच आहे."

"दवाई नहीं है तो क्या है, बहनजी? बताशा?"

नीतूने तोंडावर रुमाल धरला. मॅडमने तपासलं, रक्त घेतलं, सोनोग्राफी करवली. मी बाकावर नीतूचा हात इतका घट्ट धरून बसले की तिच्या मनगटावर माझ्या बांगड्यांचे वळ उठले. मनातल्या मनात पिशवीला म्हणत होते, बाई गं, तुझी मी कधी विचारपूस केली नाही, रागावू नको.

दुपारी मॅडमने पुन्हा बोलावलं. म्हणाल्या, गर्भाशय चांगलं आहे, गाठ नाही, काही नाही. रक्त मात्र फार कमी झालंय. या गोळ्या आजपासून बंद, लोहाच्या सुरू. तीन महिने असंच कॅलेंडर लिहून आणा. तरीही त्रास राहिला तर औषधं आहेत, ऑपरेशन सगळ्यात शेवटी. "सोमवार को कहीं जाने की ज़रूरत नहीं."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं. येणारे-जाणारे लोक, कोण गेलं म्हणून बघायला लागले. नीतू सगळ्यांना सांगत होती, "कोणी नाही गेलं, चांगली खबर आहे!" मग आम्ही समोरच्या गाड्यावर रश्शाची झणझणीत तर्री टाकून दोन-दोन प्लेट पोहे खाल्ले. इतकं हलकं मला लग्नाआधीही वाटलं नव्हतं. गाडीत तिरोड्यापर्यंत मी गुणगुणत आले.

घरी पोचले तर सासूबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. ह्यांनी पाणी आणून दिलं, तेही पहिल्यांदाच. मी सगळं सांगितलं. कॅलेंडर, गोळी, मॅडम, आणि सोमवारी कुठेही जायचं नाही ते.

"देवाची गोळी?" सासूबाईंनी विचारलं.

"हो माय. तिच्यानंच होऊन राहिलं होतं."

त्यांचे हात सुपात थांबले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मंग माही पिशवी काऊन काढली असन?"

"तुमचं वेगळं असेल माय," असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी मान हलवली. "मलेही तवाच्या डॉक्टरनं विचारलं होतं, काही औषध घेतं का म्हणून. मीही नाहीच म्हटलं."

मी त्यांच्या जवळ सरकले आणि सूप बाजूला ठेवलं. तेलाची वाटी आणून त्यांचा पाय मांडीवर घेतला. एरवी त्या लाजून पाय ओढून घेतात, आज घेतला नाही. थोड्या वेळाने माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते नीतूचं लाव. सोमवारचं. पहिल्यापासून ऐकतो मी."